रॉकेटची कुल्फी

चहा आधी घ्या. मी काय करून बसले ते ऐकल्यावर माझ्या हातचं काही घ्यावंसं वाटेल की नाही, सांगता येत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कात्रजला घरीच कुल्फी करून विकते, वीस वर्षं झाली. साच्यातून अख्खी कुल्फी सोडवावी तर मीच, असं मी छातीठोक सांगायचे. लेक वैशाली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तेव्हा हिंजवडीला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. सगळी पोरं कॉम्प्युटरमागे, आणि आमच्या बाईसाहेबांनी प्रोजेक्टला घेतलं काय, तर रॉकेट.

त्याचं इंधन म्हणजे साखर घातलेलं काहीतरी. कॉलेजात सरांसमोर नळीच्या साच्यात ओतलं, थिजलं, पण बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी परीक्षक यायचे होते. वर्ष त्यावर. म्हणून ती साचाच घरी घेऊन आली. तोंड एवढंसं झालेलं.

"आतून तूप लावलं होतंस का?"

"आई, हे रॉकेट आहे."

"मग रॉकेटला चिकटायला काय वेगळं लागतं?"

"तुला नाही कळायचं. मी बुधवार पेठेतून वायर घेऊन येते. गॅसजवळ नेऊ नकोस."

आता सांगा, चौथी शिकलेल्या बाईला 'तुला नाही कळायचं' म्हटल्यावर ती गप्प बसेल का? पण मी काही बेअक्कल नाही. गॅस बंद केला. देवापुढची समई शांत केली. समोरच्या गड्याला ओरडून बिडी विझवायला लावली. गॅसचं नाव काढलं होतं पोरीनं, पाण्याचं नव्हतं.

बादलीत कढत पाणी घेतलं. साचा आत धरला, पन्नास आकडे मोजले, दोन तळव्यांत फिरवला आणि उलटा केला. आतला ठोकळा सुळकन बाहेर. कुठं टवका नाही. जरा चिकट लागला, म्हणून नळाखाली धुतला. वाळू नये म्हणून ताटात ठेवून वर ओलं फडकं घातलं.

वैशाली आली.

"साचा रिकामा कसा?"

"सोडवला. बघ ताटात."

तिनं फडकं उचललं. ताटात पाक. मधे सुपारीएवढा खडा.

ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण ती खाली बसली आणि त्या ताटाकडे बघत राहिली. गप्प माणसाशी भांडायचं कसं? घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी मी तिच्याआधी कॉलेजात. सरांपुढे उभी राहिले. "नापास करायचं तर मला करा."

सर म्हणाले, "बाई, आपली इयत्ता कोणती?"

"चौथी पास."

"मग आता कसं नापास करणार? आठ दिवस देतो तिला."

आठ दिवसांनी रॉकेट उडालं, खडकवासल्याच्या पलीकडच्या माळावर. मला शंभर पावलं लांब उभं केलं होतं. मी तिथंच रडले.

मग प्रोजेक्टचं जाड, काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक घरी आलं. एका पानावर इंग्रजीत माझं नाव! तेवढं मला वाचता येतं, बँकेच्या सहीसाठी पोरीनंच शिकवलंय. वाटलं, आभार मानलेत. वैशाली घरी नव्हती. पेढे घेतले आणि ते पान उघडून गल्लीतल्या चार घरी फिरले. कुणाला इंग्रजी येत नव्हतं, सगळ्यांनी कौतुक केलं.

पाचवं घर जोशीकाकांचं. रिटायर हेडक्लार्क. त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं, पेढा परत ताटलीत ठेवला.

"शालनबाई, हे आभाराचं पान नाही."

"मग?"

"पहिला प्रयोग का फसला, त्याचं कारण. कारण एकच दिलंय. आपण."

मी पेढ्यांची ताटली खाली ठेवली.

"खाली उपायही लिहिलाय."

"काय उपाय?"

"दाराला बाहेरून कुलूप."