नानांच्या बांधाचा भूपट्ट

तिसऱ्या वर्षाला भूगोल घेतल्यावर सरांनी प्रत्येकाला एकेक विषय देऊन वर्गासमोर बोलायला सांगितलं. मला भूपट्ट आले. मला वर्गात उभं राहून हजेरी द्यायलाही घाम फुटतो, हे सरांना माहीत होतं. ते म्हणाले, "आधी घरी समजावून सांग. घरच्यांना कळलं की वर्गालाही कळेल."

आमच्या घरी माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. सरांचा शब्द मी अगदी मनावर घेतला. आमचं गाव धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे आहे. रविवारी दुपारी ओट्यावर आई ज्वारीचे पापड वाळत घालत होती. वडील, म्हणजे आमचे भाऊ, खाटेवर आडवे झाले होते. शेजारचे नाना चहाला आले होते. नाना भाऊंचे चुलतभाऊ. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून, दक्षिणेला आहे.

मी सुरुवात केली. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे, म्हणजे भूपट्ट, आहेत, ते खालच्या तापलेल्या थरावरून हळूहळू सरकतात. आपण नखं कापतो ना, ती जेवढी वाढतात साधारण तेवढ्या वेगानं.

आई म्हणाली, "त्या पापडावर सावली पाडू नको."

भाऊ घोरू लागले. नाना मात्र कप खाली ठेवून पुढे सरकले.

"आपली जमीनबी सरकस?"

"हो नाना. भारताचा अख्खा भूपट्टच सरकतोय."

"कोनता बाजूले?"

"उत्तरेकडे. थोडा ईशान्येला."

"दरसाल?"

"दरसाल."

नानांनी मान डोलावली आणि ते उरलेला चहा अगदी सावकाश प्यायले. माझं बोलणं ऐकून मला कुणी प्रश्न विचारायची आयुष्यातली ती पहिली वेळ. मी हरखून गेले. हिमालय, भूकंप, ज्वालामुखी असं बरंच काही न विचारता सांगून टाकलं. नाना जाताना म्हणाले, "पोर हुशार शे." बाकीच्यांचं बोलणं मी इथे पुस्तकी मराठीत लिहिते आहे, नानांचं मात्र अहिराणीत, तसंच ठेवते. ते बदललं तर ते नाना राहत नाहीत.

पुढच्या आठवड्यात नानांनी पेरणीआधीची नांगरटी केली. नांगरताना दरवर्षी थोडा बांध कोरायचा, ही आमच्याकडची जुनी खोड. भाऊंची त्यावर फारशी तक्रार नसे, कारण कोपऱ्यातला हद्दीचा दगड जागच्या जागी असे. या वेळी भाऊ वावरातून आले ते चपला न काढताच घरात शिरले.

"तू त्या दिवशी नानाला काय सांगितलंस?"

"भूपट्ट."

"ते खरं आहे का?"

"खरं आहे, भाऊ."

"मग गेलं वावर," असं म्हणून ते माठाजवळ खाली बसले.

झालं होतं असं. बांध चांगला दोन तासं आमच्याकडे आला होता आणि हद्दीचा दगडही बांधासोबत आला होता. तास म्हणजे कपाशीची एक ओळ. भाऊंनी जाब विचारला, तेव्हा नानांनी दोन्ही हात वर केले. "मी काय करू भो? मी हातबी नही लावा. जमीनच उत्तरले सरकस. तुनी पोरनीच सांगं ना बठ्ठा लोकेससमोर."

दुसऱ्या कुणाच्या बोलण्याचा दाखला असता तर भाऊ भांडले असते. पण मुलीचं शिक्षण खोटं ठरवून वावर वाचवायचं, की शिक्षण खरं मानून वावर सोडायचं, यात ते अडकले होते. आजोबांनी झाडझुडूप तोडून, दगड वेचून तयार केलेली ती जमीन. त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

"ते जे सांगितलंस ते मागे घेता येईल का?" त्यांनी विचारलं.

"भाऊ, ते मी नाही काढलेलं."

आई म्हणाली, "बाकीच्या पोरींना नद्या मिळाल्या, वारे मिळाले. तुलाच बरा हा सरकणारा विषय मिळाला."

गावाला तेवढंच पुरलं. सकाळी बसथांब्यावर मी उभी राहिले की कुणीतरी कंडक्टरला विचारायचं, "धुळं आज किती लांब गेलं, मास्तर?" पीठगिरणीवाले काका म्हणाले, माझ्या दाराची कडी लागत नाही, तेवढं बघून जा.

शेवटी भाऊंनी गावातल्या चार जाणत्या माणसांना बांधावर बोलावलं, त्यांत पीठगिरणीवाले काकाही होते. नाना तयारच होते. ट्रॅक्टर-ट्रॉली बाजूलाच उभी होती. भाऊ मला म्हणाले, "तूच सुरू केलंस, तूच सांग." मी मागे सरकून निंबाखाली उभी राहिले. पण भाऊ इतर कुणाकडेही न बघता नुसते माझ्याकडे बघत होते.

"नाना," मी म्हणाले, "जमीन सरकते हे खरं आहे. पण तुमचं वावर, आमचं वावर, हा बांध, हा निंब, मारुतीचं देऊळ, इकडे धुळं, तिकडे जळगाव, सगळं एकाच भूपट्टावर आहे. सगळं सोबतच सरकतं. ट्रॉलीत बसल्यावर ट्रॉली पुढे जाते, म्हणून आतला माणूस दुसऱ्याच्या मांडीवर जात नाही."

"खराब रस्तावर जास ना," नाना म्हणाले. सगळे हसले. माझं शास्त्र तिथेच बुडतंय असं मला वाटलं.

"मग करूनच बघू," मी म्हणाले. कुठून बळ आलं कोण जाणे. "एका टोकाला नाना बसा, दुसऱ्या टोकाला भाऊ. मधोमध हद्दीचा दगड ठेवू. ट्रॉली चालवा. दगड भाऊंकडे सरकला, तर वावर तुमचं."

नानांना पैज आवडली. ते चढून बसलेसुद्धा. भाऊ आणि पीठगिरणीवाले काका दगड उचलायला वाकले. दगड काही हलेना. दोघं घामाघूम झाले. काका म्हणाले, "हा दगड माणसानं हलायचा नाही. हा खरंच जमिनीनंच नेला असेल."

ट्रॉलीतून ही धडपड बघून नानांचा जीव खालीवर होत होता. शेवटी त्यांना राहवेना.

"अरे, अस्सा नही उचलतस! पहिले खालतून पहार घाल, मंग तिरपा कर. एकला मानूसबी सरकाडी देस. माले तं काही जड गया नही—"

आणि ते थांबले.

ट्रॅक्टरवाल्याने सुरू केलेलं इंजिन बंद केलं. मग काका खाली मातीतच बसले आणि पोट धरून हसायला लागले. त्यांच्यामागून सगळेच. नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"गंमत करी ऱ्हायंतू," ते म्हणाले.

"मग आता गंमत परत कर," भाऊ म्हणाले.

नाना खाली उतरले, स्वतःच्या वावरातल्या झोपडीतून पहार घेऊन आले आणि दगड कसा सरकवायचा हे सगळ्यांना नीट दाखवत त्यांनी तो जुन्या जागी नेऊन बसवला. जुनी जागा शोधावी लागली नाही. तिथली माती अजून भुसभुशीत होती. ते पायानं माती दाबत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, पण डोळे माझ्याकडेच होते. त्यांच्या मनात अजून काहीतरी घोळत होतं.

"मंग त्या भूपट्टना बांध कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"वर उत्तरेला, नाना. आपला भूपट्ट समोरच्या भूपट्टाला रेटतोय. दोघं मागे हटत नाहीत. म्हणून मधली जमीन वर वर उचलली जाते. तोच हिमालय."

नानांनी आमच्या बांधाकडे बघितलं, मग भाऊंकडे.

"आनि मोजनीवाला कोनी बलावतस नही?"

"नाही."

"बरं शे," नाना म्हणाले, "आपलं इतलामाच मिटनं," आणि भाऊंनी, तोंडावरचा राग तसाच ठेवून, त्यांच्यासाठी घरून चहा मागवला.