लॅपटॉपची खुर्ची

कानडी मुलखात, हेब्बाळला माझी खानावळ आहे. दुपारची भांडी घासून संपतात, पण जेवणाऱ्यांचे किस्से मात्र साठतच जातात!

समोरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतली मराठी मुलं रोज येतात. एकदा सगळे गप्प जेवत होते. मला वाटलं, सारू, म्हणजे इथलं सार, बिघडलं.

"सारू झकास आहे काकू, आमचं बिल्ड फेल झालंय," त्यांचा टीम लीड समीर म्हणाला. ही मंडळी म्हणे दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रामचे तयार तुकडे आपल्या कामात जोडतात; ती सगळी जोडणी म्हणजे बिल्ड. एखादा तुकडा जुना झाला की बाकीच्यांशी जमत नाही आणि सगळंच अडतं.

मी म्हटलं, मग नवा घाला की.

"एक नवा घातला की शेजारचे चार रुसतात, काकू!"

*

त्यांचा नियम असा, की ज्याच्या हातून बिल्ड मोडेल त्याने सगळ्यांना म्हैसूरपाक द्यायचा. परिणाम काय? जुन्या तुकड्यांना कुणी हातच लावेना! दारात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा, तसे सगळे बाजूने जायचे.

*

ऑफिसने नवे लॅपटॉप दिले, तरी समीरने जुना सोडला नाही. जुन्या तुकड्यांचं बिल्ड फक्त त्याच्यावरच चालायचं. जेवायलाही तो बरोबर आणायचा आणि सांडलवंड नको म्हणून वेगळ्या खुर्चीवर ठेवायचा.

शेवटी मी विचारलं, "ह्यालाही पान वाढू का रे?"

*

खुर्च्या मोजक्याच. त्यामुळे नवी आलेली सांगलीची केतकी पायरीवर ताट घेऊन बसायची. तिचं प्रोबेशन संपत आलं होतं. तिला ठेवायचं की नाही, हे समीरच ठरवणार होता. नेमकं तेव्हाच त्या जुन्या लॅपटॉपवरही बिल्ड चालेना.

केतकी म्हणाली, मी जुने तुकडे बदलते. समीरने समजावलं, नोकरी पक्की होईपर्यंत तरी थांब.

"मी थांबले तर सगळेच थांबतील," ती म्हणाली.

*

एक बदललं की दुसरं मोडायचं. रोज दुपारी केतकी म्हैसूरपाकाचा डबा घेऊन हजर! "अय्यो, बास गं," म्हणत मीच डबा आत ठेवू लागले.

शुक्रवारी, प्रोबेशनच्या शेवटच्या दिवशी, ती रिकाम्या हाताने आली आणि सवयीने पायरीकडे वळली.

समीर उठला. खुर्चीवरचा लॅपटॉप उचलून त्याने खाली, चपलांशेजारी ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "इथे पान वाढा. सोमवारपासूनही."