जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेल्या बॅटऱ्या

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तारापूरच्या एका बाईला फसवलं. माल स्वतःचा विकला आणि चिठ्ठी तिच्या नावाची चिकटवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिच्याबद्दल बोलायला लागलो की मी रंगात येतो आणि मुद्दा राहून जातो.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, जी वस्तू हातात घेतल्याशिवाय बोलत नाहीत. ही त्यातलीच. बॅटरीचा सेल तळहातावर घ्यायची, पापलेट तोलावं तसा वर-खाली करायची. कोणी मध्ये तोंड घातलं की म्हणायची, "आधी हातात घ्या, मग तोंड उघडा."

बोईसरला माझं भंगाराचं गोदाम आहे, हातगाडीपासून उभं केलेलं. भाव करण्यात मला कोणी हरवलं नव्हतं. एका बंद कारखान्याचा माल उचलला, त्यात सेलवर पट्ट्या जोडायचं वेल्डिंग मशीन होतं. त्याच्या मागावर ही बाई आली. त्या कारखान्यात दिव्यांच्या बॅटऱ्या जुळवण्यात तिची उमेदीची वर्षं गेलेली. मी भाव सांगितला, तर तिने मशीनचा पायखटका दाबून पाहिला.

"शेट, ह्यो खटका माझ्या पायानं झिजलाय. भंगार कोनाला म्हणता?"

मी आवाज चढवला. तिने माझ्याहून चढवला. ती आईच्या पाटीमागे बसून मासळी विकत वाढलेली; तिच्यापुढे माझं काय चालणार? शेवटी ठरलं ते असं की मशीन तिने न्यायचं आणि बदल्यात माझ्याकडे साठलेल्या जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या नवे सेल भरून द्यायच्या.

विटेसारखे जड ते लॅपटॉप कोणाला हवेत, असं तुम्ही म्हणाल. इथल्या कारखान्यांना हवेत! कित्येक जुनी यंत्रं फक्त त्यांचंच ऐकतात. हौसेने जमवणारेही आहेत. पण बॅटऱ्या मेलेल्या, आणि नव्या कोणी बनवत नाही.

ती बॅटरीच्या डब्याची शिवण कोमट करून पातळ पात्याने उघडायची, जुने सेल काढून नवे निवडून लावायची. वेल्डिंगच्या आधी सेलचा जुडगा नायलॉनच्या दोऱ्याने आवळायची आणि वर जाळ्याची गाठ मारायची. बाकीचे चिकटपट्टी गुंडाळतात. ती म्हणे, पट्टी तापली की सरकते, बापानं शिकवलेली गाठ सरकत नाय.

पहिला लॅपटॉप सुरू झाला तो दिवस अजून आठवतो. मी वायर उपटली आणि डोळे मिटले. उघडले तर पडदा तसाच उजळलेला! ते धूड छातीशी धरून मी रस्त्यावर पळालो, रिक्षावाल्यांना दाखवत सुटलो. "शेट, लग्नातला नवरदेव बी एवढा नाचत नाय," असं ती गोदामाच्या दारातून ओरडली, आणि मग स्वतःच पदर खोचून बघायला आली.

मग तो व्यापारी आला. आमचा माल नेऊ लागला, प्रत्येक बॅटरीवर तिच्या नावाची चिठ्ठी. थोड्या दिवसांनी त्याला स्वस्त माल हवा झाला: वापरलेले सेल, वर नवं वेष्टण. तिने एक सेल तोलला आणि परत केला. शिळ्या मासळीवर पाणी मारायचं काम माझं नाय, एवढंच म्हणाली. त्याने येणं बंद केलं.

पुढे एक दिवस केळव्याला बंगला असलेले एक निवृत्त साहेब गाडी घेऊन तारापूरला तिच्या गल्लीत आले. त्यांच्या लाडक्या लॅपटॉपची बॅटरी पेटून लॅपटॉप जळाला होता. चिठ्ठी तिच्या नावाची. सगळी गल्ली गोळा झाली. "बाई, तुम्ही माझं घर जाळलं असतं," असं ते म्हणाले. तिने बॅटरी मागितली. ती त्यांनी आणलीच नव्हती. माझ्याशी बाजारभर ऐकू जाईल असं भांडणारी ती बाई त्यापुढे एक अक्षर बोलली नाही. हातात काही नव्हतं ना!

कारखान्यांत बातमी पोचली आणि कामं थांबली. मी केळव्याला जाऊन, हुज्जत घालून, ती जळकी बॅटरी मिळवली. दाराबाहेरच उघडली. आत चिकटपट्टी! दोऱ्याचा धागासुद्धा नाही, आणि एका न जळलेल्या सेलच्या नव्या वेष्टणाखाली जुनं वेष्टण. मी ओरडलोच. पण साहेब म्हणाले, तुम्ही तिचे भागीदार, तुम्ही असंच म्हणणार.

ती जळकी बॅटरी घेऊन तसाच तारापूरला गेलो. खोलीला कुलूप होतं. ती भावाकडे डहाणूच्या बाजूला मासळी सुकवायला गेली होती. मी फोन केला. माझी सगळी आरडाओरड तिने ऐकून घेतली.

"तुमाला कळलं, मला कळलं," ती म्हणाली. "गल्लीला कोन सांगनार? मी परत येऊन कोनाच्या तोंडाकडं बगू?"

माझं कोणी ऐकत नाही, तेव्हा हे ज्याने सांगायला हवं त्यालाच विचारतो. मुंबईचे शेटजी, तुम्ही हे वाचाल, तुमच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी करणार आहे. साहेबांना सोबत घ्या आणि तारापूरच्या त्या गल्लीत, लोकांसमोर, ती बॅटरी तुमची होती असं तुमच्या तोंडाने सांगा. भाव नाही, सूट नाही. बोला, कधी येताय?