हैदराबादेस न गेल्याबाबत

तक्रारदार: मी स्वतः. वय चाळिशीच्या पुढे. राहणार वडीगोद्रीजवळच्या एका गावचा महारवाडा. धंदा अर्जनवीस, म्हणजे ज्यांस लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे सरकारला समजेल अशा भाषेत मांडून देणारा. शिक्षण उर्दू चौथीपर्यंत, तेही शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसून. तरी माझ्या अक्षराची बरोबरी करणारे अक्षर या तालुक्यात कोणी दाखवावे.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार: तालुका कचेरीतले त्या वेळचे पेशकार नारायणराव, ज्यांच्या हातून प्रत्येक अर्ज तहसीलदारांपुढे जात असे. आमच्या गावचे देशमुख. आणि चपराशी गणपत. याने हुकमाप्रमाणे केले, म्हणून त्याचे नाव शेवटी घातले आहे, गाळलेले नाही.

साक्षीदार: सखूबाई, विधवा, आमच्याच महारवाड्यातली. करीम मुन्शी, हैदराबादच्या एका वकिलांचा कारकून. माझी माय. ती आता हयात नाही. तरी तिचे नाव कमी करू नये.

तारीख: ज्वारी हुरड्यात होती आणि वार बाजाराचा होता. नेमकी तारीख त्या दिवशीच्या कागदावर मीच घातली होती. तो कागद राहिला नाही. का राहिला नाही, तीच तक्रार आहे.

अर्जाच्या शेवटी 'फिदवी' लिहिण्याची या मुलुखातली रीत आहे. फिदवी म्हणजे जीव ओवाळून टाकणारा चाकर. हा शब्द मी हजारो कागदांवर दुसऱ्यांसाठी लिहिला. या कागदावर लिहिणार नाही.

हकीकत येणेप्रमाणे.

तेव्हा मी विशीत होतो. कचेरीच्या आवाराबाहेर, चिंचेखाली, पोत्यावर बसून लिहीत होतो. तीर्थपुरीपासूनचे कुणबी माझ्याकडे येत, कारण मी भांडण ऐकून त्यातले कामाचे तेवढे उचलत असे. ते कागद आपल्या हाताने नेऊन देत, म्हणून ते कागद कोरडे राहत. आमच्या वाड्यातल्या माणसाचा कागद असला की रीत वेगळी. त्याने कागद पायरीखाली जमिनीवर ठेवायचा. मागे सरायचे. मग चपराशाने तांब्यातले पाणी त्यावर शिंपडायचे आणि उचलायचा. एरवी दोन थेंब पडत. अक्षर फुगे, पण वाचता येई.

त्या दिवशी कागद सखूबाईचा होता. देशमुखांची गुरे तिच्या उभ्या ज्वारीत शिरली होती. शिरली नव्हती, घातली होती. तिने देशमुखांच्या वाड्यावर शेण काढायला जायचे बंद केले म्हणून. हा फरक मी अर्जात दोन ओळींत असा मांडला होता की तो वाचून कोणालाही नाकारता आला नसता. मी स्वतः तिच्यासोबत गेलो. कागद ठेवला. मागे सरलो.

ओसरीवर खुर्चीत देशमुख बसले होते. पेशकारांनी त्यांच्याकडे पाहिले, मग गणपतकडे.

"नीट शिंपड रे गणपत. देशमुख बसलेत."

गणपतने तांब्या उपडा केला.

काजळीची शाई. ती उतरली. काळे पाणी पायरीखालच्या खड्ड्यात गेले. पेशकारांनी काठीच्या टोकाने कागद उलटा केला.

"यात काय लिव्हलंय? मला तर काहीच दिसून न्हाई राह्यलं."

मी म्हणालो, "सरकार, मला पाठ आहे. सांगतो."

"पाठ आहे? मंग कागद कशाला आणला?"

ओसरी हसली. पायऱ्यांवरचे पक्षकार हसले. ज्यांचे अर्ज मी लिहून दिले होते, तेही. देशमुख हसले नाहीत. ते जवळजवळ मायेने बोलले.

"एवढा शिकून आलिम झालास तर इथं कशाला कुजून राह्यलास? हैदराबादला जाय. तिथं तुझ्यासारखे लई खपतेत. इथं ऱ्हायचं म्हनशील तर बोटं जपून ऱ्हा. लिव्हायची बोटं नाजूक असतेत."

गुडघे आपोआप वाकले आणि मी त्यांना जोहार घातला. शरीराने घातला. मला विचारले नाही.

वाटेत सखूबाई म्हणाली, "ज्वारी माझी गेली, बाबा. तुझा रंग कामून उडाला?"

"काकू, बोटं म्हणाले ते."

"ऐकलं मी. मला तर मुंडकं म्हनले व्हते."

त्या दिवसापासून एक माणूस माझ्या मागे चालू लागला. देशमुखांचा गडी. बोलत नसे. मी थांबलो की थांबे. ओढ्यात उतरलो की काठावर उभा राहून खाकरे. बस्स, एवढेच. पण मी बोरू धरला की बोटे थरथरत. ज्या अक्षराचा मला अभिमान, ते अक्षर मोडू लागले. गिऱ्हाईक कागद उलटासुलटा करून पाहू लागले.

याच दिवसांत करीम मुन्शी भेटले. मला शिकवणाऱ्या मौलवी साहेबांचे ते भाचे. एका खटल्याच्या कामाने जालन्यास आले होते. मौलवी साहेबांनी माझे अक्षर त्यांना दाखवले. जुने, न थरथरलेले. मी जालन्यास गेलो. रेल्वेच्या ठेसनाबाहेर चहाच्या दुकानापुढे आम्ही बसलो. ते बाकावर, मी खाली. त्यांनी मला हात धरून बाकावर बसवले. हेही नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

"वकीलसाहब को नक़लनवीस होना," ते म्हणाले. म्हणजे कागदांच्या नकला उतरणारा हवा होता. "तुमारा ख़त देखेंगे, लिखावट देखेंगे, जात नहीं पूछेंगे. कल से बैठो बोलेंगे."

मला वाटले, झाले. देशमुखाच्या तोंडून का होईना, रस्ता निघाला.

मग मुन्शी शहराचे सांगू लागले. तिथे जळणाला पैसे. पाण्याच्या भिश्तीला पैसे. खाट टाकायच्या जागेला एवढे भाडे की नक्कलनवीसाला एकट्याने खोली घेणे बिलकुल शक्य नाही. इतर कारकून मिळून एक खोली घेतात, एकाच चुलीवर रांधतात. त्या खोलीत एक जागा रिकामी होती. खोलीवाले आपल्याच मराठवाड्याकडचे. चांगल्या घरचे.

"वकीलसाहब नहीं पूछते मियाँ. खोलीवाले पूछते." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "नाम बदल लेव. कुनबी बोलो, कुछ बी बोलो. और घर से कोई आना नहीं. तुमारी अम्माँ आयीं, बोलीं, बैठीं, तो पहचान लेते लोगाँ. फिर सामान रस्ते पे."

हे त्यांनी दुष्टपणाने सांगितले नाही. चांगल्या माणसाने सांगितले म्हणून मला अधिक भीती वाटली. वाईट माणसाला निदान मनातल्या मनात शिवी देता येते.

गाडी परवाची होती. मुन्शी म्हणाले, येणार असलास तर ठेसनावर ये.

मी घरी आलो. मागून खाकरणे आले. मायला सर्व सांगितले, नावाचे सोडून. तिने चूल फुंकता फुंकता विचारले, "अन् ऱ्हायचं कुनापाशी?" मी सांगितले. ती अडाणी होती, पण असल्या गोष्टी तिला शिकवाव्या लागत नसत.

"मंग तिथं मी यायचं न्हाई, असं ना?"

मी चुलीत काटकी सारली.

"मला कुठं रेल्वेत बसायचंय? जाय बापा. इथं तो मेला रोज मागं हिंडून राह्यला. जिता ऱ्हा म्हंजे झालं." मग म्हणाली, "पर ऱ्हावलं न्हाई अन् आलेच मी कधी, तर? काय सांगशील?"

"माय, असू दे."

"असू दे कसं? सांगायला यायला पायजे. थांब."

ती उठली. हात पदराला पुसून दाराबाहेर गेली. बाहेर भर ऊन होते. तिने कडी वाजवली.

"मी आले असं समज. खोलीवाला इचारतो, ही म्हातारी कोन हाय. बोल."

मी हसण्याचा प्रयत्न केला. ती हसत नव्हती.

"बोल की. ते बसलेत समोर."

"गावाकडची आहे," मी म्हणालो.

"गावाकडची कोन?"

"अशीच. ओळखीची. आमच्या शेतावर कामाला होती."

"बराबर." ती दारातूनच म्हणाली. "पर अजून जोरात म्हन. घाबरल्यावानी म्हनलास तर वळखतेल. पुन्ना म्हन."

मी पुन्हा म्हणालो. जोरात. स्वच्छ. एकदाही अडखळलो नाही. तिने मान डोलावली आणि आत आली नाही. खोलीवाल्यांपुढे जशी उभी राहिली असती तशी, उंबऱ्याच्या बाहेर, पाय जोडून, आपल्याच घराच्या दारात ती उभी राहिली. मी "आत ये" म्हणेपर्यंत. आणि ते म्हणायला मला वेळ लागला.

पेशकारांनी माझा कागद पुसला होता. माय मी स्वतःच्या तोंडाने पुसली होती, आणि तिनेच ते मला शिकवले होते. इतकी आमची भीती तरबेज झालेली होती. हैदराबादेत तांब्या घेऊन गणपत उभा राहणार नव्हता. तिथे तो तांब्या रोज मलाच धरावा लागणार होता.

मी जालन्याच्या ठेसनावर गेलो नाही.

मला धीर आला म्हणून गेलो नाही, असे कोणी लिहून घेऊ नये. धीर आला नव्हता. दोन्हीकडे भीतीच होती. त्यातली एक निवडली. जिच्यात मला मायला माय म्हणता येत होते.

पुढच्या बाजारच्या दिवशी सखूबाईचा अर्ज पुन्हा लिहिला. अक्षर वाकडे आले. तिला घेऊन पायरीशी गेलो आणि कागद हातात धरून उभा राहिलो.

पेशकार म्हणाले, "ठेव खाली."

"हातातून घ्यावा, सरकार."

"काय म्हनलास?"

"कागद खाली ठेवणार नाही. हातातून घ्यावा."

गणपत तांब्या घेऊन उतरला आणि मध्येच थांबला. तांब्यातले पाणी कशावर टाकावे, हे त्याला कळेना. कागद माझ्या छातीशी होता. देशमुखांचा गडी फाटकातून आत आला आणि माझ्या इतक्या जवळ उभा राहिला की त्याच्या तंबाखूचा वास मला येत होता. कागदाचा फडफड आवाज येत होता, वारा नसताना. कोणीतरी म्हणाले, याला हीव भरलंय. सखूबाई म्हणाली, "भरू द्या. उभा तर हाय न्हवं?"

कोणी कागद घेतला नाही. कचेरी बंद झाली. दुसऱ्या बाजारी पुन्हा गेलो. नंतर पुन्हा. ओढ्याच्या वाटेवर एकदा मला पाडून माझा उजवा हात टाचेखाली रगडला गेला. गडी तेव्हाही काही बोलला नाही. दोन बोटे आजही पुरती मिटत नाहीत. तरी अक्षर सुधारून घेतले. अखेर एका दिवशी पेशकार रजेवर होते आणि पायरीवर गर्दी तुंबली होती. माझ्यामुळे कोणाला वर जाता येईना. एका तरुण कारकुनाने वैतागून हात पुढे केला आणि कागद घेतला. दयेने नव्हे. वाट मोकळी करण्यासाठी.

सखूबाईला दाद मिळाली नाही. अर्ज पुराव्याअभावी काढून टाकला गेला. पण त्या दिवसानंतर माझ्या हातचा कागद जमिनीवर ठेवला गेला नाही. फक्त माझ्या हातचा. वाड्यातल्या इतरांसाठी रीत चालूच राहिली, म्हणून त्यांचे सर्व कागद मीच नेऊन देत आलो.

आता हुकूमत बदलली आहे. अर्जनविसांना आवारात पत्र्याखाली बसवण्याचा हुकूम झाला. जमिनीवर चुन्याने जागा आखल्या. सगळ्यांना जागा मिळाल्या. मला नाही. मी विचारण्यास गेलो. नव्या कारकुनाने मला 'अहो' म्हटले. ओसरीवर त्याच्या शेजारी देशमुखांचे चिरंजीव पांढरी टोपी घालून बसले होते.

कारकून म्हणाला, "तुम्ही इथं कशाला राह्यलात? तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं आता हैदराबादला जावं. तिथं तुमचं चीज होईल."

चिरंजीव म्हणाले, "बराबर हाय. इथं काय ठेवलंय?"

मी बाहेर आलो. गुडघे तसेच वाकू पाहत होते, जसे विशीत वाकले होते. ही भीती म्हातारी होत नाही. बायको म्हणते, दिवस बरे नाहीत, चिंचेखाली बसा, सावली सारखीच आहे. सावली सारखी नाही. पत्र्याखाली बसणारा कचेरीचा माणूस. चिंचेखालचा कोणीही, कधीही उठवावा असा.

सबब विनंती येणेप्रमाणे. पत्र्याखालील आखलेल्या जागांपैकी एक माझ्या नावे लावावी. वाड्यातल्या कोणाचाही कागद हातातून घेण्याचा लेखी हुकूम व्हावा. मला शहरात जाण्याचा सल्ला पुन्हा कोणी देऊ नये. दिल्यास तोही लेखी द्यावा, सहीनिशी, म्हणजे तो सल्ला आहे की हद्दपारी, हे वाचून ठरवता येईल.

या अर्जाचा जबाब मिळावा. उद्या कचेरी उघडण्याच्या वेळेपासून मी चुन्याच्या रेघेच्या आत बसलेला असेन. घाबरलेला असेन, त्याची वेगळी चौकशी करण्याचे कारण नाही. जबाब होकाराचा असो वा नकाराचा, तो मला त्या जागेवर आणून द्यावा. घेण्यासाठी मी उठणार नाही.