न बांधलेली राखी

आई मंगळवारी गेली. काल तिच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली एक राखी सापडली.

ती आणली तेव्हा मी दहावीत होते. वर्गातला वसंता आणि मी वाचनालयाची पुस्तकं बदलून वाचायचो. गल्लीत कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे त्यावर ठरलेला उपाय होता: मुलाला राखी बांधायची, म्हणजे बोलायला मोकळीक. नाहीतर बोलणंच तुटायचं. मी घाबरून गांधीबागेच्या बाजारातून राखी आणली.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. "तुले तो भाऊ वाटते काय वं?"

"नाही. घरातले दोनच खूप झाले."

ती हसली. "मंग राखी काहून? दोस्त हाय तर दोस्त म्हन. इथं बसा, दार उघडं ठेवा, पुस्तकाचं बोला. लोकाइचं मी पाहीन."

तिनं राखी काढून घेतली. मला ती तेव्हा भोळी वाटली. आता कळतं, गल्लीचे टोमणे तिनं स्वतःवर घेतले होते, आणि ती जेमतेम पस्तिशीची होती.

मंगळवारी सगळे गेल्यावर वसंता मागे थांबला. त्यानं चहा केला, आम्ही तिच्याबद्दल बोलत बसलो. आता आई नाही. मित्र आहे.