शिडीच्या बाजूची वाट

दरवर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी मास्तर आणि त्यांची बायको फाटकापाशी एकमेकांकडे पाठ करून दोन दिशांना चालू लागायचे. भांडण नव्हे हो, कामच तसं! शेतांमधून, ओढ्यावरून, जंगलातून वळसा घेत पुन्हा त्याच फाटकाशी येणारी ती धावण्याची गोल वाट. धावणारे चुकू नयेत म्हणून झाडांना लालभडक फिती बांधायच्या. मास्तरांचं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे चिंध्यांना तोटा नव्हता. डावी बाजू मास्तरांची, उजवी तिची. मधोमध, जंगलात आडव्या पडलेल्या ओंडक्यावर दोघं भेटायची, थर्मासमधला चहा घ्यायची आणि मास्तरांच्या बाजूने गप्पा मारत घरी यायची. शर्यत संपली की फिती काढायच्या. तिथे मात्र तिचा कायदा चाले: ज्याची गाठ, त्यानेच सोडायची.

म्हणून इतक्या वर्षांत तिच्या बाजूची वाट मास्तरांनी पाहिलीच नव्हती.

ती त्यांच्याहून चांगली वीतभर उंच. मास्तर तिला शिडीच म्हणत.

"अगं शिडी, वरच्या फळीवरचा तागा काढ."

"काढते. तुम्ही आपले खालून हुकूम सोडा, तेवढाच पोचतो तुमचा वर!"

गिऱ्हाइकं मापं द्यायची सोडून हसत बसायची.

मागच्या शर्यतीनंतर शिडीने अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही.

यंदा लेक म्हणाली, "बाबा, धावण्याच्या क्लबातल्या पोरांना बांधू द्या ना फिती."

"पोरांच्या गाठी? पाखरू शिंकलं तरी सुटतील!"

"पण आईची बाजू..."

"आईची बाजू काय वाघाची गुहा आहे?"

म्हणाले खरे, पण ती वाट त्यांच्या पायाखालची नव्हती. उद्या सकाळी माणसं धावणार. अर्ध्या वाटेवर खूणच नसेल तर जंगलात भरकटतील. क्लबाला शब्द देऊन बसले होते.

स्वतःची बाजू त्यांनी सवयीने उरकली. ओंडक्यावर बसून सवयीनेच दोन कप काढले. मग एक परत पिशवीत ठेवला.

मागच्या वर्षी ती इथे केवढ्या उशिरा आली होती! "कुठे अडकलीस गं? चहाचं सरबत झालं!" यांनी ठणाणा केला. "पाखरं बघत बसले होते हो," म्हणत ती घामेजल्या अंगाने टेकली होती. परतताना त्यांचा दंड धरून चालली. मास्तरांना वाटलं, चला, म्हातारपणी का होईना, लाडात आली.

मास्तर उठले आणि तिच्या वाटेला लागले.

पहिल्याच झाडाशी पाय थबकले. बुंध्याला, अगदी गुडघ्याएवढ्या उंचीवर, उन्हापावसाने विटलेली फीत. तिचीच गाठ. सोडायला ती उरलीच नव्हती आणि दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. पण शिडीची फीत इतक्या खाली?

पुढच्या झाडालाही तेवढ्याच खाली. मास्तर वाकले, वाकून गाठ बसेना म्हणून खाली बसले, आणि बसल्यावर त्यांना कळलं. तीही अशीच बसली होती. प्रत्येक झाडाशी बसत, उठत आली होती.

पाखरं बघत.

मग नवी फीत जुनीच्या शेजारी बांधली आणि पुढे निघाले. फिती कमरेशी आल्या. मग छातीशी. मग खांद्याशी. फाटकातून ओंडक्याकडे येताना ती झाडागणिक खचत गेली होती. मास्तर उलटे चालले होते, म्हणून त्यांच्यासमोर ती झाडागणिक उठून उभी राहत होती.

फाटकाजवळच्या शेवटच्या झाडाशी लेक वाट बघत होती. तिथली फीत थेट वरच्या फांदीला. मास्तरांनी टाचा उंचावल्या, हात ताणला. बोटं पोचली नाहीत.

"बाबा, स्टूल आणू? ती विटकी काढून टाकू."

"नको गं. जिची गाठ..."

त्यांनी आपली फीत खाली, आपल्या उंचीवर बांधली, आणि वर बघत उभे राहिले.