अडतीस मोठे की चार?

दुष्काळाच्या त्या वर्षी मी राहुरी तालुक्यातल्या एका लहान गावात शिक्षिका होते. नगरहून बदली होऊन आले होते आणि पाचवी-सहावीचे वर्ग एकत्रच सांभाळत होते. निम्मी मुलं शाळेत नसायची. आईबाप खडी फोडायच्या कामावर जायचे, मग धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन मोठ्यांनाही तिकडेच जावं लागायचं. जी यायची ती रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन आलेली, पेंगुळलेली. मीही पहाटे टँकरच्या रांगेत उभी राहून, दोन कळशा घरी टाकून मगच शाळेत पोचायचे. पहिल्या तासापासूनच पाय दुखत असायचे.

अशा दिवसांत मी दशांश अपूर्णांक शिकवत होते. फळ्यावर पट्टी काढायची, तिचे दहा भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा. सगळी माना डोलवायची. मग विचारायचे, शून्य दशांश चिन्ह सहा मोठं की शून्य दशांश चिन्ह पंचवीस? आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "पंचवीस!" मी पुन्हा पट्टी काढायचे. पुन्हा पंचवीसच. शेवटी शेवटी मी चिडणंही सोडून दिलं होतं.

तालुक्याच्या क्रीडास्पर्धा थंडीत असत. यंदा होणार नाहीत असं सगळे धरून चालले होते, पण झाल्या. आमच्या शाळेतून मी एकाच मुलीला घेऊन गेले. सहावीतली, काटकुळी, लांब टांगांची. घरची शेती होती, पण विहिरीत तळ दिसत होता, म्हणून तीही आईबरोबर कामावर जायची. वाटेत दुष्काळी कामाचे चर खणलेले असत, त्यांच्यावरून उड्या मारत ती शाळेत यायची. लांब उडी तिला कुणी शिकवलीच नव्हती.

मैदान म्हणजे धूळ होती. फक्कीच्या रेघा वाऱ्यानं उडून गेलेल्या. मुलींची लांब उडी ऊन डोक्यावर आल्यावर झाली. प्रत्येक उडी झाली की एक मास्तर टेप धरून माप ओरडायचे आणि दुसरे वाळू सारखी करायचे. मी लिंबाखाली बसले होते. माझा डोळा लागत होता.

थोड्या वेळानं कर्ण्यावर निकाल लागला. "पहिला क्रमांक, तीन दशांश अडतीस मीटर." मिशनच्या वसतिगृहातली एक मुलगी पुढं गेली. घट्ट वेण्या, लाल रिबिनी. तिला स्टीलचा डबा मिळाला. "दुसरा क्रमांक, तीन दशांश चार." आमची गेली आणि पेला घेऊन आली.

मला आधी काही वाटलंच नाही. मग कानात ते आकडे पुन्हा वाजले. तीन दशांश चार. तीन दशांश अडतीस. हे तर माझ्या वर्गासारखंच झालं होतं.

खरं सांगते, उठावंसंच वाटत नव्हतं. परतीची एस.टी. गाठायची होती, ओळखीचं कुणी नव्हतं आणि भांडायला अंगात बळ नव्हतं. तरी उठले. टेबलाशी एक वयस्कर गुरुजी बसले होते, डोळे धुळीनं लाल झालेले.

"गुरुजी, निकाल उलटा लागलाय," मी म्हटलं.

"कसा काय बाई? अडतीस मोठे की चार?"

"ते चार दशांश आहेत. म्हणजे चाळीस शतांश. चाळीस सेंटिमीटर."

ते हळूच म्हणाले, "आमची सगळी नोकरी फूट-इंचांत गेली, बाई. तीन फूट चार इंच, तीन फूट दहा इंच. मागचा आकडा मोठा तो मोठा. हा टिंबाचा हिशेब अजून डोक्यात बसत नाही." त्यांनी माप ओरडणाऱ्या मास्तरांना बोलावलं. ते म्हणाले, हो, बरोबर चाळीसच भरली होती, म्हणून चार म्हटलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला. कटकट करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच म्हटलं, "बदलून टाकू. मुलींना घेऊन या."

मी आमच्या मुलीला सांगितलं, तू जिंकलीस. ती जागची हलेना.

"न्हाई बाई. तिची अडतीस हाय. माझी चारच."

"अगं, चार म्हणजे चाळीस."

"तुमी माझ्या बाजूनं बोलताय," ती म्हणाली. "मला दुसऱ्या पोरीचा डबा नगं."

तिला डबा हवा होता, ते मला दिसत होतं. पण तो आपला नाही याची तिला खात्री होती, आणि ती खात्री वर्गात मी तिच्या मनातून काढू शकले नव्हते. आता भर उन्हात, एस.टी.ची वेळ होत आलेली असताना पुन्हा तोच धडा घ्यायचा होता.

गुरुजींकडून टेप मागितला आणि जमिनीवर पसरला. रिबिनीवाली मुलगीही डबा छातीशी धरून जवळ आली.

"हे तीन मीटर. दोघी इथवर आलात ना? आता पुढं बघ. ह्या मोठ्या खुणा. मीटरचे दहा भाग. एकेक भाग म्हणजे एक दशांश. तू असे किती पार केलेस?"

तिनं बोट सरकवलं. "चार."

"आणि हिनं तीन पार केले. मग चौथ्यात शिरली. त्यात दहा बारीक रेघा आहेत. त्यातल्या आठ झाल्या आणि थांबली. ठेव बोट."

तिनं एक बोट एका खुणेवर ठेवलं, दुसरं दुसऱ्या. मधे चिमूटभर अंतर होतं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"मंग चारच्या म्होरं शून्य का न्हाई बोलले?"

"बोललं काय, नाही बोललं काय, इथं ते असतंच."

"न बोलता कसं कळायचं मानसाला?"

तेवढ्यात रिबिनीवाली म्हणाली, "म्हणजे माझी उडी कमी झाली का?"

"नाही गं. तुझी उडी होती तेवढीच आहे."

तिनं मान हलवली, डबा पुढं केला आणि पेला घेतला. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. गुरुजींनी कर्ण्यावर निकाल दुरुस्त केला, तोवर मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं.

सोमवारी वर्गात मी सहा आणि पंचवीसचं पुन्हा विचारलं. ती उठून म्हणाली, "सहा मोठं." बाकीचे हसले, तर तिनं पट्टी आणून त्यांना दाखवलं. मला बरं वाटलं. मग मी दोन दशांश शून्य पाच आणि दोन दशांश पाच लिहिलं.

"सारखंच," ती म्हणाली. "शून्य असलं काय, नसलं काय."

मी खुर्चीत बसले. मग उठले, फळा पुसला आणि शेवटचं शून्य आणि मधलं शून्य यांतला फरक सांगायला लागले. तो आठवडा त्यातच गेला. परीक्षेत मात्र तिनं ती सगळी उदाहरणं बरोबर सोडवली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि माझी बदली पारनेरकडे झाली. तिथंही पाचवी-सहावीच होती. नव्या मुलांना मी विचारलं, सहा मोठं की पंचवीस, आणि खडू हातात घेऊन उत्तराची वाट बघत उभी राहिले.